घरचं कॉकटेल: चार पेयांच्या नोंदी

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

वही आजपासून सुरू. २६ एप्रिलला नणंदबाई आणि त्यांचे यजमान नागपूरहून पुण्याला, आमच्या सहकारनगरच्या घरी येतील. नवऱ्याचे दोन मित्रही सपत्नीक असतील. आम्ही दोघं धरून आठ जण. त्या दिवसापर्यंत चार पेयं हातात बसवायची: डायकिरी, गिमलेट, ओल्ड फॅशन्ड आणि मॉस्को म्यूल. चारही जुनी आणि तीन-चार घटकांत होणारी आहेत.

माझी नोकरी भोसरीत, गुणवत्ता तपासणीत. एक नग उत्तम निघाला याला आमच्याकडे काही किंमत नसते, शंभरावा नगही तसाच निघावा लागतो. तोच नियम इथे लावते आहे. कुठलंही पेय ओळीने तीनदा सारखं उतरलं तरच ते ‘पास’.

परवाने दोघांचेही काढले. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात दारू घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि रम-व्हिस्कीसाठी वयाची पंचविशी पूर्ण हवी. बहुतेक घरांत याकडे काणाडोळा होतो. मला तो चालत नाही.

सामान: स्टीलचा शेकर, ३० आणि ६० मिलीचं पेग मेजर, चहाची बारीक गाळणी, ग्रॅमचा वजनकाटा, डिजिटल थर्मामीटर. शेकर आणि मेजर बोहरी आळीतून आणले, बाकीचं घरातलंच.

८ फेब्रुवारी, शनिवार

डायकिरी. पांढरी रम ६० मिली, लिंबाचा रस २५, साखरेचा पाक २०. बर्फात बारा सेकंद जोरात हलवून गाळली.

फार गोड झाली. गोडीपुढे लिंबू हरलं आणि रम कुठे गेली कळलंच नाही. नवऱ्याने अर्धा ग्लास ठेवून दिला.

चूक पाकात होती. मी गॅसवर पातेलं ठेवलं आणि सवयीने बोटांत धरून तार बघितली. सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, “अगं, हा तर एकतारी झाला. लाडू वळायचेत का तुला?” अगदी खरं. एकतारी पाकात साखर साधारण ऐंशी टक्क्यांवर जाते. कॉकटेलच्या साध्या पाकात ती निम्मी असते, म्हणजे जेवढी साखर तेवढंच पाणी, तेही वजनाने. हिशोब मांडून पाहिला तर माझ्या २० मिलीत जवळपास दुप्पट साखर पडली होती.

९ फेब्रुवारी, रविवार

२०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम गरम पाणी. गॅस बंद ठेवूनच ढवळलं, साखर विरघळताच थांबले. तार येण्याचा प्रश्नच नाही. बाटलीत भरून तारीख लिहिली, फ्रिजमध्ये ठेवली.

आजची डायकिरी ओळखीची वाटली. पहिल्या घोटाला लिंबू, मग रम, शेवटी गोडीचा हलका हात. डायकिरी हे क्युबातल्या सांतियागोजवळच्या गावाचं नाव. तिथल्या खाणीवरचा अमेरिकी इंजिनिअर जेनिंग्ज कॉक्स याच्याकडे या पेयाचं श्रेय जातं, काळ १८९८ च्या आसपासचा. मला यातलं आवडलं ते लिंबू. कॅरिबियन बेटांवरचं ते लहान, बियांचं, पातळ सालीचं लिंबू आपल्या कागदी लिंबाच्याच जातीचं. परदेशी कृतींत हल्ली मोठं बिनबियांचं लिंबू धरलेलं असतं. त्यामुळे ‘अर्ध्या लिंबाचा रस’ असं लिहिलेलं असेल तर फसायला होतं. मंडईतून आणलेली दहा कागदी लिंबं एकेक पिळून मोजली. सगळ्यांत कमी १२ मिली, सगळ्यांत जास्त १९. म्हणून रस मेजरनेच मोजायचा, लिंबं मोजायची नाहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजची नोंद मोठी. या प्रकल्पातलं खरं काम आज हाती लागलं.

डायकिरीचे तीन घटक मिळून १०५ मिली होतात. शेकरमधून गाळल्यावर ग्लासात मोजली, १४० मिली. तीनदा केली: १३९, १४०, १४२. म्हणजे दर ग्लासात ३५ मिली पाणी बर्फातून आलं. रस किंवा पाक, कशाहीपेक्षा जास्त. कृतीत ते कुठेच लिहिलेलं नसतं.

हे पाणी काढून टाकलं तर काय होतं ते पाहायला तेच १०५ मिली मिश्रण बर्फाशिवाय फ्रीजरमध्ये थंड करून प्यायले. घशाला चटका बसला, आणि लिंबाने दात आंबले. पाण्याशिवाय हे पेय अर्धवटच आहे.

थर्मामीटर दाखवतो उणे ४. बर्फ शून्याला वितळतो, मग पेय शून्याखाली कसं जातं? उत्तर माझ्या लहानपणीच्या कुल्फीवाल्याकडे होतं. मडक्यात तो बर्फाबरोबर खडेमीठ घालायचा. मिठाच्या पाण्यात बर्फ शून्याखालीही वितळत राहतो, आणि एकेक ग्रॅम वितळताना भोवतालची ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. शेकरमध्ये मिठाचं काम अल्कोहोल करतं. थंडावा आणि पाणी एकाच क्रियेतून येतात, एकाशिवाय दुसरं मिळत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

डायकिरीला मेथीचा वास. शंका नव्हतीच, फ्रीजरमध्ये निवडलेली मेथी आणि खोवलेलं खोबरं उघड्या डब्यात होतं, शेजारी बर्फाचा ट्रे. बर्फ वास धरतो हे माहीत होतं, इतका धरतो हे नव्हतं. झाकणाचे दोन ट्रे आणले. मेथी सासूबाईंनी घट्ट झाकणाच्या डब्यात हलवली.

शिवाय ट्रेमधून काढून पाच मिनिटं भांड्यात राहिलेला बर्फ ओला होतो आणि तो ओलावा थेट पेयात उतरतो. बर्फ शेवटी काढायचा.

१ मार्च, शनिवार

ओल्ड फॅशन्डसाठी मोठा, पारदर्शक खडा हवा. दिसायला सुंदर म्हणून तर हवाच, पण मोठ्या खड्याला आकाराच्या मानाने पृष्ठभाग कमी, त्यामुळे तो हळू वितळतो.

पाणी उकळून गोठवलं. मधोमध ढग तसाच. दोनदा उकळलं, तरी तेच.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅम्पर इंग्लिश या लेखकाने २००९ मध्ये दाखवलेली युक्ती वापरली आणि पहिल्याच खेपेला जमली. तळ्याचं पाणी वरून खाली गोठतं, तसं घरी गोठवायचं. थर्माकोलच्या छोट्या पेटीत पाणी भरून झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवली. बाजूंनी आणि तळाने थंडी शिरत नाही, फक्त वरून शिरते. वरचा थर गोठत खाली सरकतो आणि विरघळलेली हवा व क्षार पुढे ढकलत नेतो. वीस तासांनी पेटी उलटी केली. चार बोटं जाडीची काचेसारखी लादी, खाली थोडं न गोठलेलं पाणी. ते ओतून दिलं. लादी दहा मिनिटं ओट्यावर राहू दिली (लगेच कापली तर तडकते), मग पाव कापायच्या दातेरी सुरीने रेघ मारून सुरीच्या पाठीवर बत्त्याने हलके ठोकलं. सरळ चीर गेली.

खड्यातून वर्तमानपत्राची अक्षरं वाचता आली. नवऱ्याला हाक मारून दाखवलं, सासूबाईंनाही.

८ मार्च, शनिवार

मार्टिनीचाही विचार होता, तो सोडला. तिला व्हर्मूथ लागते. गेल्या नोव्हेंबरात भेट आलेली व्हर्मूथ कपाटात उघडी होती, आज वास घेतला तर आंबलेल्या सफरचंदासारखा. व्हर्मूथ म्हणजे वाइनच, उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवायची आणि महिना-दोन महिन्यांत संपवायची. आमच्याकडे संपणार नाही. बाटली सिंकमध्ये रिकामी केली.

१६ मार्च, रविवार

ओल्ड फॅशन्ड. भारतीय सिंगल माल्ट व्हिस्की ६० मिली, पाक ५, अँगोस्टुरा बिटर्सचे (कडू, मसालेदार अर्काचे) दोन झटके. मुळात यात बर्बन किंवा राय ही अमेरिकी व्हिस्की असते, माल्टने थोडा कोरडेपणा येतो आणि मला तो आवडला. शेकर नाही वापरायचा. उंच ग्लासात बर्फ घालून लांब चमच्याने तीस सेकंद ढवळायचं, मग मोठ्या खड्यावर गाळायचं.

अँगोस्टुराची बाटली स्वस्त नाही, पण एका पेयाला दोन झटके म्हटलं तर वर्षानुवर्षं पुरेल. योहान सिगर्ट या जर्मन डॉक्टरने १८२४ मध्ये व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावी हे औषध म्हणून तयार केलं, आता ते त्रिनिदादमध्ये बनतं.

संत्र्याची साल महत्त्वाची. नणंदबाईंनी नागपूरहून पेटी पाठवली आहे. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि मऊ असते, सोलाणीने पट्टी नीट निघत नाही. हातानेच रुपयाएवढा तुकडा काढला, आतला पांढरा भाग चमच्याने खरवडला आणि पेयावर धरून दुमडला. दिव्याच्या उजेडात तेलाचे बारीक तुषार उडताना दिसले. ग्लासाच्या कडेवरून तीच साल फिरवली. पेय तोंडाला लावण्याआधीच संत्रं नाकात शिरतं. मोसंबीची साल लावूनही पाहिली. वास फिका, उगीच कडवट.

आज वाचलेलं इथे उतरवून ठेवते. १३ मे १८०६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्राने वाचकाच्या शंकेला उत्तर देताना कॉकटेल म्हणजे काय ते छापलं: कुठलंही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. चार घटक, आणि त्यांत पाणी नाव घेऊन. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे स्पष्ट होतं ते मला १६ फेब्रुवारीला मापं घेऊन कळलं.

२३ मार्च, रविवार

गिमलेट. सुतारकामात भोक पाडायचं गिरमिट असतं ना, तोच हा शब्द. यात ताजा रस घालायचा नसतो, लिंबाचं कॉर्डिअल असतं. १८६७ मध्ये लॉकलन रोझ या स्कॉटिश व्यापाऱ्याने लिंबाचा रस अल्कोहोलशिवाय, साखरेत टिकवण्याचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर खलाशांना लिंबाचा रस देणं कायद्याने सक्तीचं झालं, स्कर्व्ही हा आजार होऊ नये म्हणून. जिनमध्ये हेच कॉर्डिअल गेलं.

घरी केलेलं कॉर्डिअल: काल रात्री दहा लिंबं घासून धुतली आणि बारीक किसणीवर फक्त हिरवी साल किसली. पांढऱ्याला किसणी लागली की कडू होतं, आणि कागदी लिंबाची साल इतकी पातळ की दोन फटक्यांतच पांढरं लागतं, म्हणून लिंबू सारखं फिरवत राहायचं. कीस २०० ग्रॅम साखरेत बोटांनी चोळला. साखर ओली, हिरवट झाली आणि सगळं स्वयंपाकघर घमघमलं. झाकून ठेवली. आज सकाळी त्याच लिंबांचा १५० मिली रस त्यात घालून, गरम न करता, साखर विरघळवली आणि कपड्यातून गाळलं.

सासूबाईंनी चमचाभर चाखलं आणि म्हणाल्या, “हे तर उपासाच्या लोणच्याचं पाणी, मीठ-जिरं नसलेलं.” याहून नेमकं वर्णन मला सुचलं नसतं.

गोव्याची जिन ६० मिली, कॉर्डिअल ३०. तीनदा केलं, तीनदा सारखं. पास.

३० मार्च, रविवार

पाडवा. घरात श्रीखंड आणि गुढी. बाटल्यांना या आठवड्यात हात लावला नाही.

५ एप्रिल, शनिवार

मॉस्को म्यूल तांब्याच्या मगात द्यायची पद्धत. हे पेय १९४१ च्या सुमारास अमेरिकेत वोडका खपवण्यासाठी जन्मलं, आणि तांब्याचा मग त्याची ओळख बनला. तांब्याचं म्हटल्यावर पुण्यात जायचं ठिकाण एकच, कसब्यातली तांबट आळी.

गल्लीच्या तोंडापासूनच ठोक्यांचा आवाज येतो. एका दुकानात आठ मग बघितले. आतून तांबंच होतं. दुकानदार काकांनी विचारलं, “पाण्यासाठी हवेत?” मी म्हटलं, “नाही काका, लिंबू असेल त्यात.” त्यांनी मग हातातून परत घेतला. “मग असेच नाही द्यायचे. कल्हई करून घ्या, नाहीतर कळकेल.”

आंबट पदार्थात तांबं उतरतं आणि ते पोटाला बाधतं. अमेरिकेच्या अन्नसुरक्षा नियमावलीतही सामूची (pH, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) मर्यादा ६ आहे, त्याहून आंबट पदार्थ उघड्या तांब्याला लागू द्यायचा नाही. लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीच. ताक-आमटी तांब्या-पितळेच्या भांड्यात कल्हईशिवाय ठेवायची नाही हे आपल्या घरांत कुणी न शिकवता सगळ्यांना ठाऊक होतं. विलायती पेयाला तोच नियम लागतो हे काकांच्या एका वाक्याने लक्षात आणून दिलं.

तासभर तिथेच बसले. भट्टीवर मग तापवला, आत नवसागराची पूड टाकली. पांढरा धूर उठला आणि नाकाला झोंबला. लगेच कथलाची कांडी आत टेकवली, ती लोण्यासारखी वितळली, आणि कापसाच्या बोळ्याने एका फिरकीत सगळीकडे पसरवली. लाल मग आतून चांदीसारखा झाला. पाण्यात बुडवल्यावर चुर्रर्र आवाज. प्रत्येक मगाला दोन मिनिटं लागली असतील. हे काम करणारे हात आता कमी राहिलेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. घरातली पितळेची पातेलीही पुढच्या महिन्यात घेऊन जाणार आहे.

१३ एप्रिल, रविवार

म्यूल. यात जिंजर बिअर, म्हणजे आल्याचं फसफसतं पेय घालतात. बाटलीतलं फार गोड लागलं, म्हणून आल्याचा पाक घरी केला. १०० ग्रॅम सातारी आलं किसून पिळलं, रस दहा मिनिटं स्थिर ठेवला. तळाला पांढरं सत्त्व बसतं, ते सोडून वरचा रस घेतला. त्यात वजनाने तेवढाच साखरेचा पाक. थेट आलेपाकाच्या वडीचा वास.

वोडका ४५, लिंबू १५, आल्याचा पाक २०, मगात बर्फ भरून, वरून अगदी गार सोडा १०० मिली, कडेने. सोडा कोमट असला की ओततानाच वायू निघून जातो. पास. वोडका वगळून सासूबाईंसाठी केला, त्यांनी आणखी आलं मागितलं.

मग उजळणी म्हणून डायकिरी केली आणि ती नापास झाली. पाणचट. माप तेच, बर्फ तोच, सेकंद तेवढेच. ग्लासात मोजली तर १५१ मिली.

१४ एप्रिल, सोमवार, रात्री उशिरा

कारण सापडलं. फेब्रुवारीत आमच्या स्वयंपाकघरात संध्याकाळी २५ अंश होते, काल ३४. रम आणि रस नऊ अंश जास्त गरम, त्यांना उणे ४ वर आणायला बर्फ जास्त वितळला. थंड देशांतल्या कृती थंड खोल्या गृहीत धरतात. पुण्याच्या एप्रिलमध्ये त्या तशाच्या तशा चालणार नाहीत.

पडताळून पाहिलं: रम, रस, पाक सगळं फ्रिजमधून ८ अंशांवर काढून हलवलं. १२६ मिली. आता उलट, पेय तिखट झालं.

मग सरळ केलं ते असं. सगळं फ्रिजमध्ये थंड करायचं आणि शेकरमध्ये १४ मिली गार पाणी मेजरने मोजून घालायचं. ग्लासात १४० मिली. पुन्हा केलं, १४१. पुन्हा, १४०. पास. बाहेर मे असो की डिसेंबर, आता फरक पडणार नाही. पाणी कृतीत लिहिलं गेलं.

१९ एप्रिल, शनिवार

रंगीत तालीम.

ओल्ड फॅशन्ड आधीच एकत्र करून ठेवायची: आठ जणांसाठी व्हिस्की ४८० मिली, पाक ४०, बिटर्सचे सोळा झटके, पाणी २००. बाटलीत भरून फ्रीजरमध्ये. वाढताना फक्त खड्यावर ओतायची आणि साल पिळायची.

लिंबू कडाडलंय, दहा रुपयांना एक. चाळीस घेतली. रस त्याच दिवशी काढायचा, आदल्या दिवशीचा चवीला मवाळ होतो.

बर्फ आठवडाभर साठवते आहे, झाकणबंद पिशव्यांत. कारखान्याची लादी नको. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम राज्यात २०१८ पासून आहे, पण मला घरचाच बरा.

एका डायकिरीत ६० मिली रम, म्हणजे जवळजवळ २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, मोठ्या पेगएवढंच. थंड आणि आंबट असल्यामुळे ते जिभेला कळत नाही. म्हणून माणशी दोनच पेयं, मध्ये जेवण, आणि कुणीही गाडी चालवत घरी जाणार नाही. मित्रांना आजच फोन करून सांगितलं.

२६ एप्रिल, शनिवार

सातला सुरुवात. आधी डायकिरी, दोनदोन करून चार खेपा. सातव्या ग्लासातून चमचाभर चाखली, पहिल्यासारखीच होती. नणंदबाईंचे यजमान एरवी रम-पाणी घेणारे. ग्लास उजेडात धरून म्हणाले, “वहिनी, यात पाणी नाही घातलंत ना?” मी त्यांना वही आणून १४ एप्रिलचं पान दाखवलं. त्यांनी फेब्रुवारीपासून सगळी वाचून काढली, जेवण गार होईपर्यंत.

दोघांनी गिमलेट मागितलं. नवऱ्याच्या एका मित्राच्या बायकोला दारू नको होती, तिने सासूबाईंबरोबर म्यूल बिनवोडकाचा घेतला, दोघीही दुसऱ्यांदा.

जेवण: भरली वांगी, भाकरी, मटण, सोलकढी. जेवणानंतर ओल्ड फॅशन्ड. आठ खडे आदल्या दिवशी कापून ठेवले होते, एक वाटेत तडकला. संत्री या हंगामातली शेवटची होती, साल सुकत आलेली, तेल कमी उडालं. हे पुढच्या वेळी थंडीतच करायचं पेय आहे.

साडेअकराला दोन्ही जोडपी रिक्षाने गेली.

२७ एप्रिल, रविवार

उरलं: कॉर्डिअल १८० मिली, आल्याचा पाक पाऊण वाटी, रम साधारण अर्धी बाटली. मगांची कल्हई शाबूत आहे, चिंच किंवा घासणी आतून लावायची नाही असं काकांनी बजावलं होतं, मऊ फडक्याने पुसले.

पिळलेल्या चाळीस लिंबांच्या फोडी मी टाकणार होते. सासूबाईंनी सकाळीच त्या मीठ लावून बरणीत भरल्या आणि गच्चीवर उन्हात ठेवल्या आहेत.